वायकिंगांच्या हातात ही लूर कुणी दिली?

सध्या एक रील फिरतंय. शिंगांचं शिरस्त्राण घातलेला एक दाढीवाला धुक्यात उभा राहून, खांद्यावरून वळसा घेत डोक्याच्या वर गेलेलं कांस्याचं अजस्र शिंग फुंकतोय. खालचा मजकूर साधारण असा: हे वायकिंगांचं तीन हजार वर्षांपूर्वीचं रणशिंग, ‘लूर’. याला एकच भयाण सूर. तो कानावर पडला की शत्रूची गाळण उडायची. युरोपातलं संगीत सुरू झालं ते इथूनच. गाणं शिकणाऱ्यांच्या गटांवरसुद्धा हे माना डोलावत पुढे ढकललं जातंय, म्हणून हा खटाटोप.

आधी वायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लुटारू. इंग्लंडजवळच्या लिंडिसफार्नच्या मठावर त्यांचा गाजलेला हल्ला झाला तो इ.स. ७९३ मध्ये. लुरी मात्र नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या, कांस्ययुगातल्या, ढोबळमानाने इ.स.पू. १३०० ते ५०० या काळातल्या. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी लूर होती, वायकिंग नव्हते. शेवटच्या लुरी दलदलीत गडप झाल्या त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी वायकिंग समुद्रात उतरले.

घोळ झाला तो नंतरच्या लोकांमुळे. १७९७ साली डेन्मार्कमध्ये ब्रुडेवेल्टे इथे दलदलीतलं पीट (जाळायला वापरतात ती कुजलेल्या वनस्पतींची माती) खणताना एका शेतकऱ्याला एकदम सहा शिंगं मिळाली. त्यांना नाव काय द्यायचं? एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ते आइसलँडच्या सागांमधून, म्हणजे मध्ययुगातल्या वीरकथांमधून, उचललं. सागांमध्ये या नावाचं वाद्य योद्ध्यांना लढाईला बोलवायला फुंकतात, त्यामुळे नावाबरोबर लढाईही चिकटली. पुढे १९१४ मध्ये कोपनहेगनच्या टाउन हॉलच्या चौकात उंच खांबावर दोन लूरवादकांचा पुतळा बसला. आल्यागेल्या पर्यटकाला ते वायकिंगच वाटतात.

शिरस्त्राणाची गंमत तर याहून भारी. डेन्मार्कमध्येच वेक्स इथे १९४२ साली दलदलीतून खरीखुरी शिंगांची शिरस्त्राणं निघाली, ती इ.स.पू. ९००च्या आसपासची, म्हणजे लुरींच्याच जमान्यातली. वायकिंगांच्या डोक्यावरची शिंगं लोकांच्या मनात पक्की बसली ती १८७६ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला वाग्नर या संगीतकाराच्या ऑपेरासाठी शिवलेल्या पोशाखांमुळे. थोडक्यात, रीलमधलं वाद्य कांस्ययुगातलं, डोक्यावरची शिंगंही कांस्ययुगाला शोभणारी, माणूस तेवढा चुकीचा.

आता रणशिंग. आजवर साठच्या आसपास लुरी सापडल्यात, निम्म्याहून अधिक डेन्मार्कमध्ये. बहुतेक दलदलीत, आणि बऱ्याचदा जोडीने. जोडीतली एक डावीकडे वळते, दुसरी उजवीकडे, बैलाच्या दोन शिंगांसारखी; सूर मात्र दोघींचे सारखेच. नळी कुठल्या बाजूला वळली याने आवाजात फरक पडत नाही. तरीही ओतणाऱ्याने मेण वितळवून ओतकाम करताना हा आरशातला जुळा भाऊ मुद्दाम घडवलाय. टोकाला नक्षीची सपाट तबकडी, तोंडाकडच्या बाजूला काहींना खुळखुळणाऱ्या पट्ट्या, आणि धातूची जाडी जेमतेम एखाद-दीड मिलिमीटर. हे सगळं मिरवायला उत्तम, हातघाईच्या धक्काबुक्कीत मात्र पाच मिनिटं टिकायचं नाही. शिवाय कांस्याला लागणारं तांबं आणि कथिल डेन्मार्कमध्ये मिळत नसे, दुरून आणावं लागे. एवढी महागाची वस्तू जोडीने पाण्यात सोडायची तर ती कुणाला तरी अर्पण केलेलीच असणार. स्वीडनमधल्या टानुमच्या कातळांवर लूरवादक कोरलेले आहेत, किविकच्या थडग्यातल्या शिळांवर तर वादकांसह मिरवणुकीसारखं दृश्य आहे. या लुरीने कधीच कुणाला लढाईला बोलावलं नसेल असं छातीठोक कोण सांगणार? पण हाती आहे तो पुरावा देवाधर्माकडे बोट दाखवतो.

‘एकच सूर’ हे विधान मात्र मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण गाणाऱ्याने तरी ते पुढे पाठवायला नको होतं. लुरीला भोकं नाहीत, बोटांनी दाबायच्या पट्ट्या नाहीत, हे खरं. पण नळी दीड-दोन मीटर लांब, हळूहळू रुंदावत जाणारी, आणि तोंडाला आजच्या ट्रॉम्बोन या पितळी वाद्याच्या तोडीची, ओठ टेकवायची वाटी. ओठ आवळत गेलं की तीच नळी एकेक वरचा स्वर देते. खालचा षड्ज धरला तर क्रम असा येतो: सा, वरचा सा, प, त्यावरचा सा, ग, प, मग कोमल निषादापेक्षाही जरा उतरलेला नि, पुन्हा सा, आणि तिथून रे, ग असे जवळजवळचे स्वर. तंबोरा छान जुळला की कुणी न छेडता ऐकू येतो तो स्वयंभू गंधार, तोच हा पाचवा स्वर. अकरावा लागला तर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मध्येच कुठेतरी लटकतो. १८९०च्या दशकात आंगुल हामेरिक या डॅनिश संगीत अभ्यासकाने मूळ लुरी वादकांकडून वाजवून घेऊन हे तपासलं होतं. रीलमध्ये एकच सूर येतो, कारण वाजवणाऱ्याला एकच काढायचा होता.

युरोपातलं पहिलं संगीत? जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ साली गिधाडाच्या हाडाची बासरी मिळाली, पस्तीस-चाळीस हजार वर्षांपूर्वीची. पुढे बोलायला नको.

आणि हो, त्या रीलवरचं ते ‘मूळ वायकिंग धून’. लुरींसोबत स्वरलिपीचा एक कपटाही आलेला नाही. इ.स.पू. ५००च्या सुमारास ही वाद्यं बनायची थांबली आणि परंपरा तुटली. आज ऐकू येतं ते बहुधा प्रतिकृतीवर, आधुनिक तालमीत तयार झालेल्या ओठांनी वाजवलेलं. ऐकायला झकास, पण आजचं.

वायकिंगांच्या काळातली शिंगं हवीच असतील तर तीही आहेत. नॉर्वेत ओसेबर्गला १९०४ मध्ये उकरलेल्या, इ.स. ८३४ च्या जहाज-दफनात एक लाकडी लूर निघाली: लाकडाचे दोन पोकळ अर्धे जोडून केलेली, सरळसोट, जेमतेम एक मीटर लांब. आणि गुराख्यांची बोकडाच्या शिंगाची वाद्यं, भोकांवर बोटं ठेवून वाजवायची, नॉर्वेत ‘बुक्केहॉर्न’ म्हणून अजून वाजतात. एखादं शोधून ऐका. मऊ, किंचित घोगरा आवाज आहे. शत्रू पळेल असं काही वाटत नाही.