खुलासा: गिम्बल कॅमेऱ्यात चालण्याचा हिसका दिसतोच

‘छोटा गिम्बल कॅमेरा हातात धरून पळालात तरी व्हिडिओ तसूभर हलत नाही, रात्रीही नाही,’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे.

ओस्मो पॉकेट ३ सारख्या कॅमेऱ्यातला गिम्बल, म्हणजे लेन्सला तोलून धरणारी मोटारींची यंत्रणा, तीन अक्षांवर चालतो. मनगट डावीउजवीकडे वळलं, पुढेमागे झुकलं किंवा कडेला कललं, तर मोटारी लेन्सला उलट फिरवून चौकट स्थिर ठेवतात. पण पावलागणिक आख्खा कॅमेराच वरखाली होतो, ते या मोटारींच्या हाताबाहेरचं आहे. खात्री घरच्या घरी होते: टेबलावरच्या कपाजवळ कॅमेरा धरून मनगट हलवा, मग हात सरळ वरखाली करा. दुसऱ्या वेळी कप चौकटीत उड्या मारेल. दूरच्या डोंगरावर हेच फारसं जाणवत नाही, म्हणून जाहिरातीतले शॉट इतके सुरेख दिसतात. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवत चाललं की हिसका बराच कमी होतो.

रात्रीचं म्हणाल, तर गिम्बल हाताची थरथर आवरतो आणि तिथे तो निव्वळ सॉफ्टवेअरच्या स्थिरीकरणापेक्षा सरस ठरतो, हे मान्य. मात्र शटर दर चौकटीला १/५० सेकंद उघडं राहत असताना समोर धावणारं मूल पुसटच येणार. त्यासाठी शटर वेगवान हवं आणि मग उजेडही जास्त लागतो.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.