लेकाचं जन्मसाल १९८६

आमचा थोरला सहावीत आहे. गूगलच्या हिशोबानं मात्र तो चाळिशीला टेकलेला बाप्या आहे. त्याचं खातं मीच उघडलं होतं. २०२० च्या जूनमध्ये पहिलीचा वर्ग मोबाईलवर भरायचा होता. खरं वय घातलं की तेरा पूर्ण नाहीत, पालकांचं खातं जोडा म्हणून गाडी अडायची. बाईंची लिंक येऊन पडलेली, गॅसवर कुकर. माझंच जन्मसाल टाकलं आणि मोकळी झाले.

शाळा पुन्हा भरल्या, पण मोबाईल त्याच्या हातातच राहिला. गृहपाठ ग्रुपवर, गणिताची शिकवणी संध्याकाळी झूमवर. 'अभ्यास करतोय' म्हटलं की मी भाकऱ्या थापायला मोकळी.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगं गप्प गप्प राहायला लागलं. मला वाटलं, सहामाहीचे मार्क. एका दुपारी सासूबाई चकल्या पाडत होत्या, हा शेजारी बसून कागदावरच्या चकल्या मोजत होता. मोजता मोजता म्हणाला, "आज्जी, एक सांगू? आईला सांगू नको. ती मोबाईल काढून घेईल."

गेममध्ये एक 'दादा' भेटलेला. आधी फुकट डायमंड (गेममधले पैसेच ते) दिले, मग शाळेचं ओळखपत्र दाखव म्हणाला, मग फोटो मागितला. कसला ते इथं लिहीत नाही. यानं पाठवला नाही, पण आठ दिवस एकट्यानं ते पोटात ठेवलं. त्या 'दादा'पेक्षा त्याला माझी भीती जास्त होती, हे मला अजून टोचतंय.

घरचे म्हणाले, आधी ते सगळं डिलीट कर. नाही केलं. आधी स्क्रीनशॉट काढले, मग ब्लॉक, मग राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार. लहान मुलांबाबतची असली तक्रार तिथं नाव न सांगताही करता येते. पैशाची फसवणूक असेल तर १९३०, मुलांसाठी १०९८. हे नंबर फ्रिजवर चिकटवलेत.

आपल्याच सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. मला त्या गावाचं कौतुकच आहे. पण पोरांशी बोलणं त्या दीड तासात झालं नाही, तर साडेआठनंतर मोबाईल परत हातात आणि तोंड परत बंद. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराच्या आतल्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते म्हणून लिहिलंय. आता आईच पोराचं वय चाळीस सांगत असेल तर कायदा तरी काय करणार, सांगा!

खऱ्या जन्मसालाचं नवं खातं काढलंय, फॅमिली लिंक हे पालकांनी लक्ष ठेवायचं गूगलचं अॅप लावलंय. कुठलंही अॅप घ्यायचं तर आधी माझ्या फोनवर विचारणा येते. पण गेममधल्या गप्पा त्यात दिसत नाहीत हो. म्हणून त्याला शब्द दिलाय, काहीही घडलं तरी सांगितल्याबद्दल मोबाईल जाणार नाही. शब्द पाळताना माझीच परीक्षा होते, कारण तो आता काय काय सांगतो!

परवा माझ्या भावानं घरच्या ग्रुपवर फुकट रिचार्जची लिंक टाकली. हा पळत आला. "आई, ही लिंक खोटी आहे. मामाला सांग, पण ओरडू नको. नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही."