वीस सेकंद आणि रात्री बंद ठेवलेलं नेट

आमच्या सासूबाईंचा रात्रीचा एक नेम आहे. गॅसचा नॉब बघायचा, दाराची आतली कडी हलवून बघायची आणि मग प्रत्येकाच्या खोलीत डोकावून विचारायचं, "नेट बंद केलंत का रे?" रात्रभर चालू ठेवलं की फोन तापतो, डेटा जातो आणि लहरी डोक्यात शिरतात, म्हणून. (शेवटचं कारण भिशीच्या ग्रुपवरून आलेलं.) इतकी वर्षं मीही "हो आई" म्हणून मुकाट्यानं बंद करत होते. आता करत नाही. त्यावरून आमच्या घरात जी चर्चा झाली, तिची ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

अँड्रॉइड फोनमध्ये भूकंपाचा इशारा देणारी सोय असते. गूगलनं ती भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांच्याशी सल्लामसलत करून आणली. आयफोनवाल्यांना ही सोय नाही, त्यांनी घरातल्या अँड्रॉइडवाल्यांशी गोड बोलून राहावं. सेटिंग्जमध्ये सुरक्षा आणि आणीबाणीच्या भागात ती सापडते. ती चालायला दोन गोष्टी लागतात, लोकेशन आणि नेट. सासूबाईंचा नेम नेमका तिथेच आडवा येतो.

आधी एक गैरसमज काढते, कारण आमच्या ग्रुपवर लगेच "म्हणजे नासाला आधीच कळतं तर" असा सूर लागला होता. उद्या भूकंप होणार हे जगात कुणालाही सांगता येत नाही. "आज रात्री दोन वाजता मोठा धक्का, जागे राहा" असा निरोप आला तर पाठवणाऱ्याला खुशाल ब्लॉक करा. हा इशारा भूकंप सुरू झाल्यावरच येतो, फक्त तो हादरा तुमच्या घरापर्यंत पोचायच्या आत.

वीज आधी चमकते आणि गडगडाट मागून येतो, तसंच काहीसं. जमीन फाटते तिथून दोन प्रकारच्या लाटा निघतात. पहिली सेकंदाला साधारण सहा किलोमीटर पळते. ती हलकी असते, भांडी किणकिणतात एवढंच. दुसरी सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रेंगाळत येते, पण भिंती पाडते ती हीच. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ते ज्या सेन्सरमुळे होतं तोच सेन्सर ही पहिली लाट ओळखतो. एका फोनवर कुणी विश्वास ठेवत नाही, कारण तो कॉटवरून पडलाही असेल. पण एकाच भागातले पुष्कळ फोन एकदम थरथरले की सर्व्हर हिशेब मांडतो आणि पुढच्या गावांना कळवतो. ते कळवणं तारेतून आणि हवेतून जातं, दगडातून नाही, त्यामुळे लाटेच्या कितीतरी आधी पोचतं.

आता यात आमच्या पुण्याचं काय? पुण्याचं कोयना.

कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ ला, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. माझी आई तेव्हा आठ वर्षांची, कराडला. ती सांगते, आधी कुत्री ओरडली की आधी आवाज आला ते आठवत नाही, पण माळ्यावरचा तांब्याचा हंडा गडगडत खाली आला आणि आजीच्या उशाशी पडला. वीतभर इकडे असता तर आजी गेली असती. पुढचे कित्येक दिवस सगळी आळी अंगणात, गोधड्या पांघरून. आजही आईकडे माळ्यावर जड काही ठेवायचं नाही असा नियम आहे. म्हणजे होता. तिकडे येते शेवटी.

त्याच पहाटे सासूबाई दहा वर्षांच्या, सदाशिव पेठेतल्या वाड्यात. त्यांच्याकडे झोपाळ्याच्या कड्या आपोआप वाजायला लागल्या. वडलांना वाटलं चोर आलाय, ते काठी घेऊन चौकात गेले. भूकंप झाला हे उजाडल्यावर कळलं. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत त्या पहाटे पावणेदोनशे ते दोनशे माणसं गेली होती.

एकच भूकंप, दोन मुली. मी नकाशावर अंतरं मोजली. कोयनानगर ते कराड सरळ रेषेत ४५ किलोमीटर, कोयनानगर ते पुणे सव्वाशे. पाडणारी लाट कराडला तेरा सेकंदांत पोचते, पुण्याला पस्तीसेक सेकंद लागतात. फोनच्या यंत्रणेला भूकंप ओळखून कळवायला दहा-बारा सेकंद गेले असं धरलं, तर कराडच्या मुलीला मिळतात एक-दोन सेकंद आणि पुण्याच्या मुलीला वीसच्या वर. कोयनानगरच्या मुलीला काहीच मिळत नाही. केंद्राच्या अगदी जवळ असलेल्यांना कुठलीच यंत्रणा वेळेवर सांगू शकत नाही. किल्लारीचंही तेच झालं असतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले, दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. त्या गावात प्रत्येकाच्या उशाशी फोन असता तरी त्यानं धक्क्याबरोबरच आवाज केला असता.

पण वेळा बघा. ४:२१. ३:५६. तुर्कस्तानातला ६ फेब्रुवारी २०२३ चा मोठा भूकंपही पहाटे ४:१७ चा. भूकंप काही घड्याळ लावून पहाटेच येत नाही, भुजचा सकाळी ८:४६ ला झालाच. तरी मला यात एक गंमत दिसते. फोनची ही यंत्रणा सगळ्यात तल्लख असते ती रात्रीच, कारण हालचाल ओळखायला फोन स्थिर आणि चार्जिंगला लावलेला असावा लागतो. दिवसा आपले फोन खिशात, पर्समध्ये, दुचाकीच्या हँडलवर. पहाटे चार वाजता सगळा महाराष्ट्र फोन चार्जिंगला लावून झोपलेला. भूकंपमापकांचं एवढं मोठं जाळं सरकारला पैसे ओतूनही उभारता आलं नसतं. आणि आपण काय करतो? नेट बंद करून झोपतो.

सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग गूगलवर भरवसा ठेवून झोपायचं का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर, नाही.

तुर्कस्तानात ही यंत्रणा सुरू होती. ७.८ तीव्रतेचा भूकंप. पण पहिल्या काही सेकंदांत यंत्रणेनं तो साडेचार ते पाचच्या दरम्यानचा समजला. इशारे दोन प्रकारचे असतात. सौम्य धक्क्याला 'सावध राहा', तो साध्या मेसेजसारखा येतो आणि फोन सायलेंट असेल तर सायलेंटच राहतो. जोराच्या धक्क्याला 'कृती करा', तो सायलेंट मोड मोडून कर्कश वाजतो. त्या पहाटे सुमारे एक कोटी लोकांना कर्कश इशारा मिळायला हवा होता. मिळाला ४६९ जणांना. शून्य विसरलेले नाही, चारशे एकोणसत्तर. सुमारे पाच लाख लोकांना सौम्यवाला गेला, तो झोपेत कोण बघतो? गूगलच्याच संशोधकांनी हे २०२५ मध्ये छापून मान्य केलं आणि गणित सुधारल्याचं सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्राझीलमध्ये उलटं झालं. भूकंप नसताना रात्री लोकांचे फोन वाजले, मग माफी. अमेरिकेतल्या एका कंपनीचं गणित चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हे मला खुपतं. उत्तराखंडात रुरकीच्या आयआयटीनं २०२१ मध्ये राज्य सरकारबरोबर भूकंपाच्या इशाऱ्याचं अ‍ॅप आणलं, जमिनीत बसवलेल्या सेन्सरांवर चालणारं. आमच्या कोयनेत १९६७ नंतर पाचाहून मोठे धक्के वीसपेक्षा जास्त वेळा आलेत. धरणाच्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की जगभर कोयनेचं नाव निघतं. कराडला भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासलाय. एवढं सगळं दाराशी असताना पाटण, कराड, सातारा, पुणे या रांगेला स्वतःचा भोंगा का नको? मोठ्या धक्क्याची वाट बघतोय का आपण?

भोंग्यावरून आठवलं. २०२३ च्या पावसाळ्यात सरकारनं मोबाइलवर चाचणी इशारा पाठवला होता, आठवतोय? मी स्वारगेटच्या बसमध्ये होते. एकदम सगळे फोन किंचाळायला लागले. एका आजींनी फोन पिशवीतून काढून शेजारच्या मुलाच्या मांडीवर टाकला, जणू फुटणारच आहे. कंडक्टर ओरडला, "कुणी उचलू नका, हॅक असेल!" ती सेल ब्रॉडकास्ट पद्धत मुळात फार चांगली. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम जाते, नेट लागत नाही, नंबर लागत नाही. पण त्या मेसेजमध्ये काय लिहिलं होतं? ही चाचणी आहे, दुर्लक्ष करा, तुम्ही काहीही करायची गरज नाही. म्हणजे देशातल्या एवढ्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा आणीबाणीचा भोंगा ऐकला आणि पहिला धडा मिळाला तो दुर्लक्ष करण्याचा! तिथे "आत्ता खाली बसा, डोकं झाका, दहा आकडे मोजा" असं लिहिलं असतं तर? अर्ध्या बसनं केलं असतं, अर्धी हसली असती. हसणाऱ्यांनाही लक्षात राहिलं असतं.

मेक्सिको सिटीत हे करतात. तिथे १९ सप्टेंबर १९८५ ला हजारो माणसं गेली, म्हणून दरवर्षी त्याच तारखेला शहरभर सराव असतो. २०१७ साली त्याच दिवशी सकाळी अकराला सराव झाला आणि दुपारी सव्वा वाजता खरा भूकंप आला. केंद्र शहरापासून सुमारे १२० किलोमीटर, म्हणजे आपलं कोयना-पुणेच. त्यांची यंत्रणा जुनी, १९९१ पासूनची, पण भोंगा वाजला तेव्हा शहरात जमीन हलायला लागलेली होती. तेव्हा माझ्या वरच्या वीस सेकंदांच्या हिशेबावर फार डोलू नका. तो सगळं सुरळीत झालं तरचा आहे. त्या दिवशी त्यांच्या कामी आला तो दोन तासांपूर्वीचा सराव.

आणि आम्ही कुठे राहतो? पाचव्या मजल्यावर, खाली सगळं पार्किंग. पुण्यातल्या निम्म्या सोसायट्या अशाच, खांबांवर उभ्या आणि तळाला भिंतच नाही. भुजचा भूकंप अहमदाबादपासून दोनशे किलोमीटरच्या पलीकडे होता, तरी तिथे ज्या इमारती बसल्या त्यात खाली मोकळं पार्किंग असलेल्या बऱ्याच होत्या. भूकंपाच्या धोक्याच्या २००२ च्या नकाशात पुणे तिसऱ्या विभागात आणि कोयना चौथ्या (आकडा वाढला की धोका वाढतो), म्हणजे आपण काही सुरक्षित कोपऱ्यात नाही. मी सोसायटीच्या बैठकीत एवढंच विचारलं की आपल्या खांबांची तपासणी कुणी केली आहे का. उत्तर आलं, "मॅडम, आधी पार्किंगच्या रेषा आखून घेऊ."

शेवटी घरातल्या घरात सराव केला. सेटिंग्जमध्ये इशाऱ्याचा डेमो वाजवता येतो, तो रविवारी न सांगता वाजवला. लेक धावला थेट दाराकडे. पाच मजले, जिना, आणि खाली तेच पार्किंग. वीस सेकंदांत तो फार तर तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर पोचला असता, म्हणजे सगळ्यात वाईट जागी. नवऱ्यानं फोन उचलून "हॅलो" म्हटलं. सासूबाईंना टेबलाखाली जायला सांगितलं तर म्हणाल्या, "एकदा बसले की उठवायला क्रेन आणशील का?" हे मात्र मी आधी ध्यानातच घेतलं नव्हतं. मग ठरलं की त्यांनी पलंगावरच राहायचं, पालथं व्हायचं आणि उशी डोक्यावर धरायची. पण पलंगाच्या डोक्याशी लोखंडी कपाट आणि कपाटावर दोन सुटकेसा. सुटकेसा त्याच दिवशी उतरल्या. सुतारानं येऊन कपाट एल-अँगलनं भिंतीला ठोकलं. दुसऱ्यांदा डेमो वाजवला तेव्हा लेक टेबलाखाली, मी त्याच्या शेजारी, सासूबाई उशी घेऊन पालथ्या. सतरा सेकंद. नवरा अजून "हॅलो"वरच आहे.

रात्री आता सासूबाई गॅस बघतात, कडी बघतात आणि विचारतात, "नेट चालू आहे ना?" लहरींचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

आईला फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, तूही चालू ठेव. ती म्हणाली, "ठेवते. पण आम्हाला तुझे वीस सेकंद नाहीत गं." मग जरा थांबून, "माळ्यावर पुन्हा सामान चढवलंय तुझ्या भावानं. पितळी पातेली, जुनं जातं, सगळं." शनिवारी सकाळच्या एसटीनं कराडला जातेय. जातं उतरवायला दोन माणसं लागतील, भावाला सुट्टी घ्यायला सांगितलंय.