तांब्याचा भाव

सकाळी दूध आणायला गेलो तर डेअरीवाल्यानं सुटे पैसे मोजता मोजता विचारलं, "मास्तर, तांबं आज काय भाव?" मागे उभ्या असलेल्या दोघांनी तोंड फिरवून हसू गिळलं. मी ज्युनियर कॉलेजात कॉमर्सच्या पोरांना बुककीपिंग शिकवतो. गल्लीत थोडीफार इज्जत होती. ती गेल्या रविवारी दुपारी गेली, आणि घालवणारा माणूस आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतो.

प्रकरण थोडक्यात असं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट नावाचा 2004 चा एक ऑनलाइन खेळ आहे. त्याची जुन्या वळणाची आवृत्ती 2019 च्या ऑगस्टअखेरीस पुन्हा निघाली. त्या महिन्यात निम्मी सांगली महापुराचा चिखल घराबाहेर काढत होती, त्यामुळे आमच्याकडे बातमी उशिरा पोचली. भाच्यानं तो खेळ माझ्या कॉम्प्युटरवर घालून दिला आणि स्वतः नोकरीला पुण्याला गेला. यात राक्षस वगैरे मारायचे असतातच, पण हातात पैसा खेळवायचा तर धंदा शिकावा लागतो, आणि मुख्य धंदे दोनच घेता येतात. खाणकाम, झाडपाला तोडणं आणि मेलेल्या जनावराची कातडी काढणं हे तीन गोळा करायचे धंदे. भांडवल जवळजवळ शून्य. कुदळ किंवा सुरी घेतली की सुरुवात. मी खाणकाम घेतलं होतं. दुसरा कोणता घ्यावा याचा विचार करत असतानाच मागून आवाज आला, "ह्यो बुटका कोण म्हणायचा?"

दिवाणजी! मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात यांची सगळी हयात गेली. आता निवृत्त आहेत, पण कानाला पेन अडकवल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. रविवारचा पेपर आमच्याकडेच वाचतात. शब्दकोडं सोडवून परत करतात, तेही पेनानं, आणि अर्ध्याहून जास्त उत्तरं चुकलेली असतात.

"तो मीच," मी म्हणालो.

त्यांनी पडद्यावरच्या दाढीवाल्या ड्वार्फकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "उंची बरोब्बर घेतलीया."

तेवढ्यात मला खाणीच्या तोंडाशी तांब्याची शीर दिसली. राखणीला एक कोबोल्ड होता, म्हणजे डोक्यावर पेटती मेणबत्ती लावलेला उंदीर. मी त्याच्याशी झुंजत असताना एक घोडेस्वार आला, खाली उतरला, माझ्या डोळ्यांदेखत सगळं तांबं फोडून घेतलं, मला हात हलवून दाखवला आणि गेला. नियमात बसतं हे. शीर कुणाच्या मालकीची नसते. पण घोडा बाळगणारा माणूस म्हणजे चाळीस पातळ्या ओलांडलेला. त्यानं माझ्यासारख्या नवशिक्याचं तांबं उचलावं? मी जे काही बोललो ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं.

दिवाणजी मात्र खूश. "शहाणा हाय गडी. राखणदाराचा खर्च तुमच्यावर टाकला आन माल त्यानं नेला. पर येवढ्या मोठ्या माणसाला तांबं कशाला हो लागतं?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं असं बायकोचं मत आहे. मी समजावून सांगितलं. पुढे गेलेले लोक नवा धंदा शिकायला घेतात तेव्हा त्यांनाही पहिलीपासूनच सुरुवात करावी लागते. लोहारकाम शिकायचं तर आधी तांबंच लागतं. रानात हिंडायचा त्यांना कंटाळा, खिशात पैसा मुबलक, म्हणून ते बाजारात मिळेल त्या भावानं उचलतात. त्यामुळे हलक्या तांब्याला कधीकधी भारी धातूच्या तोडीचा भाव येतो.

दिवाणजींनी खुर्ची पुढे ओढली. पेपर खाली ठेवला. कानावरचं पेन काढलं. मला तेव्हाच धोका ओळखू यायला पाहिजे होता.

"नाणं कसलं चालतं?"

"शंभर तांब्याची एक चांदी, शंभर चांदीचं एक सोनं."

ते पोट धरून हसले. त्यांचा मेव्हणा विट्याकडचा, गलाईवाला. परराज्यात सोन्या-चांदीची भट्टी आहे. सराफाच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा ही माणसं विकत घेतात आणि तिच्यातून सोनं काढतात. "त्याला सांगा ह्यो भाव. भट्टी इझवून हितं येऊन बसंल!" मग मी एक तांब्याची लगड आणि एक कथलाची लगड वितळवून काशाच्या दोन लगडी केल्या, तर त्यांचं हसू एकदम मावळलं.

"घट कुठाय?"

"घट नसते यात."

"भट्टीत घातलं आन घट न्हाई?" त्यांना खरोखरच धक्का बसला होता. हळद शिजते, वाळते, पॉलिशला जाते, दरवेळी वजन उतरतं, यावर त्यांचा जन्म गेला. घट नसलेल्या जगात अडत्यानं करायचं काय?

दुसऱ्या धंद्याचा निकालही त्यांनीच लावला. खाणकाम आणि झाडपाला दोन्ही घ्यावं असं माझ्या मनात होतं, पण छोट्या नकाशावर एका वेळी एकच गोष्ट दिसते. खनिजं दाखव म्हटलं तर झाडं गायब, झाडं दाखव म्हटलं तर खनिजं. कातडीला ही भानगड नाही. जे मारलं ते समोरच पडलेलं असतं. दिवाणजींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून मी कातडीचा विषय भीत भीतच काढला. ते क्षणभर डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "मारणार तुम्ही, सोलणार तुम्ही. पाप तुमच्या खात्यावर. मी फकस्त हिशेब बघतोय. कातडी घ्या."

मग लिलावघर, म्हणजे खेळातला बाजार. मी तांबं मांडलं आणि चहा घेऊन आलो, तेवढ्यात कुणीतरी तोच माल माझ्यापेक्षा एक कॉपर कमी लावून ठेवला होता. एक कॉपर! सोन्याचा दहाहजारावा भाग. मी चिडलो, आणि दिवाणजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "ह्यो माणूस सांगलीचाच असणार," ते म्हणाले. विक्रीवर पाच टक्के कापले जातात हे ऐकून मात्र ते उखडले. "आमच्या अडतीला जन्मभर नावं ठिवली लोकांनी. हितं पाच टक्के कापत्यात आन तुम्ही हूं की चूं न्हाई?" रविवारी आवक जास्त असते, म्हणून माल आज काढायचा नाही, असा त्यांनी हुकूमच सोडला. बँकेत ठेवता येतो कळल्यावर पहिला प्रश्न होता, "तिथं पूर येतो का?" हरिपूरच्या पेवांतली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतली हळद 2005 च्या पुरात गेलेली पाहिलेला माणूस आहे. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग ठिवा की बिनघोर."

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मी सहज म्हणून गेलो की माल आपणच गोळा केलेला, त्यामुळे फुकटातच पडतो. दिवाणजी उठून उभे राहिले. "फुकट? मास्तर, तुम्ही पोरांना हिशेब शिकवता न्हवं? तुमचा तास कुठं धरला? 'माझ्याच रानातली हळद, मला कुठं पैसे पडलेत' म्हणणारा शेतकरी आमच्या दुकानात रोज बसायचा. निदान त्यानं बुककीपिंग शिकवायचा पगार तरी घेतला न्हवता!"

मी म्हणालो, मी मजेसाठी खेळतो.

"मग भाव कशाला बघता?"

याला माझ्याकडे उत्तर होतं आणि अजूनही आहे. या गावात माणसानं कबुतरं पाळली तरी लोक विचारतात, किती सुटतात? सतार शिकतो म्हटलं तर, कार्यक्रमाचे किती घेता? गच्चीत चार टोमॅटो लावले तर शेजारीण बाजारभाव सांगून जाते. पेपर तपासणी, निवडणूक ड्यूटी, जनगणना, यांतून उरलेल्या दोन तासांत मला एका डोंगरात जाऊन शांतपणे दगड फोडायचा असेल, तर त्याचाही ताळेबंद मांडायचा का? आणि मांडायचाच तर तो मी मांडेन. कोडं चुकवणाऱ्या माणसानं ते पेन माझ्या हिशेबावर का चालवावं? बरं, घरी बोलले ते बोलले. संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन "आपले मास्तर रात्री तांबं फोडत्यात, तासाला पडत काय न्हाई" हे सांगायची काय गरज होती?

वैताग असा की त्यांच्या सांगण्यानुसार थांबलेला माल बुधवारी चांगल्या भावानं गेला. तेव्हापासून ते रोज येतात. त्यांना स्वतःचा माणूस हवा होता. लढायचं नाही, हिंडायचं नाही, फक्त लिलावघरासमोर उभं राहायचं. असा गडी पुष्कळजण ठेवतात, म्हणून दिला काढून. पांढऱ्या दाढीचा, जाड, पहिल्या पातळीचा. मी रानातून माल टपालानं पाठवायचा, दर पुडक्याला 30 कॉपर टपालखर्च माझा, आणि त्यांनी विकायचा. काल रात्री पहिली पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आली. पेपरच्या मागच्या कोऱ्या जागेवर, पेनानं लिहिलेली: अडत, हमाली, तोलाई, बारदाना.

बारदाना कसला, म्हणून विचारलं. पिशव्या माझ्या होत्या.

"रिवाज हाय," दिवाणजी म्हणाले, आणि पुरवणी उघडली.