तक्रार बंद झाली, मोरी तशीच आहे

रस्त्याखालची मोरी तुंबून घरात पाणी शिरतं, अशी तक्रार गल्लीतल्या जिजींनी केली होती. आज दुपारी त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ त्या वेळी जिजी ओट्यावर दादर ज्वारी उन्हात पसरत होत्या. पोत्याच्या तळाची वीतभर दादर काळी पडलीय, मूठ भरून नाकाशी नेली की आंबूस वास येतो. मागच्या वर्षी पोत्याखाली विटांचा एक थर होता, यंदा दोन थर लावले, तरी पाणी चढलंच. ‘भाऊ, परत घरमा पानी उनं,’ एवढंच म्हणाल्या.

काय निराकरण केलं? दोन कामगार आले, गाळ उपसून गटारीच्या काठावर टाकला, फोटो काढला, गेले. रात्री सर आली आणि तोच गाळ परत गटारीत. त्या कामगारांवर राग नाही, त्यांना फावडं देऊन पाठवलं तर ते दुसरं काय करणार? राग आहे तो कार्यालयात बसून तक्रार बंद करणाऱ्यावर. मोरीत वाकून तरी बघितलं का कुणी?

वरून येणारी गटार दोन फूट रुंद, दोन फूट खोल, म्हणजे चार चौरस फूट. पुढे रस्त्याखालच्या मोरीत पाइप एक फुटी. त्याचं तोंड जेमतेम पाऊण चौरस फूट, त्यातही निम्मा गाळ. एका एकरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. आपली काळी माती एकदा फुगली की पाणी पीत नाही, वरचं सगळं काँक्रीट. पाणी जाणार कुठे? जिजींच्या घरात.

आता कार्यालयातले म्हणतात, शेजारी तसाच अजून एक पाइप टाकून देऊ. नको! दोन एक फुटी मिळून एक दोन फुटी होत नाही. दोन फुटी पाइपचं तोंड एक फुटीच्या चौपट असतं, आणि उतार तोच ठेवला तर भरून वाहताना पाणी सहापटीहून जास्त जातं. पण पाइप बदलण्याआधी उतार बघा. गवंड्याकडची पाण्याची नळी घ्या, एक टोक वरच्या गटारीपाशी, दुसरं मोरीपाशी उभं धरा, आणि दोन्हीकडे नळीतल्या पाण्याच्या रेषेपासून तळापर्यंतचं अंतर मोजा. मोरीचा तळ चार बोटं जरी वर निघाला तरी कितीही मोठा पाइप घाला, पाणी मागेच तुंबणार.

म्हणून अर्जात नुसतं ‘पाणी तुंबतं’ लिहू नका. तसा अर्ज थेट सफाईवाल्यांकडे जातो आणि फावडं येतं. ‘मोरीचा पाइप अपुरा आहे, तळ वर आहे, बांधकाम विभागाने पाहणी करावी’ असं लिहा. जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर टाका. भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेला टेप लावून फोटो काढा, आकडा दिसला पाहिजे. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाला बुजवल्याचा संशय असेल तर भूमी अभिलेखकडून गाव नकाशाची नक्कल काढा, नाला कुठून जात होता ते त्यात दिसतं. आणि माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून त्या मोरीचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. झालेल्या कामाची पाहणी करायचा हक्कही त्याच कायद्यात आहे, तो कुणी वापरत नाही.

हो, गटारीत कॅरीबॅगा आपणच टाकतो. गटारीवर फरशी टाकून गाडी लावायला जागाही आपणच करतो. मान्य. पण कॅरीबॅग अडकायच्या आधीच एक फुटी पाइप अपुरा होता.

३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावला तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी गावात शिरलं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पांझरेला पूर आला की धुळ्यात पुलावर गर्दी होते. जिजींच्या गल्लीतल्या पाण्याला नदीचं नाव नाही, म्हणून त्याचा पंचनामाही होत नाही. पण दादर तर तशीच सडते ना? वर्षाचं खाणं आहे ते त्यांचं.

जिजींना मघाशी एवढंच सांगितलं, विटा काढू नका अजून, जमलं तर तिसरा थर लावा. गल्लीतल्या पोरांनो, सोमवारी सकाळी टेप आणि पाण्याची नळी घेऊन मोरीपाशी या. मोजून झालं की तिथूनच अर्ज द्यायला जाऊ, आणि ‘निराकरण’ झालेल्या तक्रारीचा क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहू.