तेरावी रास आली म्हणून पत्रिका बदलत नाही

'नासाने तेरावी रास शोधली, सगळ्यांच्या राशी बदलल्या' हा मेसेज पुन्हा फिरतोय. नासाने राशी बदललेल्या नाहीत. सूर्य साधारण 29 नोव्हेंबर ते 17 डिसेंबर भुजंगधारी तारकासमूहातून (मेसेजमधली 'तेरावी रास' ती हीच) जातो, ही खगोलशास्त्रातली जुनीच गोष्ट. पण तारकासमूह लहानमोठे असतात. पत्रिकेतली रास म्हणजे 30 अंशांचा मोजून पाडलेला तुकडा, सव्वादोन नक्षत्रांचा. अश्विनी, भरणी आणि कृत्तिकेचा पहिला चरण (पाव भाग) मिळून मेष. (भविष्य खरं ठरतं का, हा वाद वेगळा.) शिवाय आपल्याकडे 'तुझी रास कोणती?' म्हणजे चंद्राची, सूर्याची नव्हे. चंद्र सुमारे सव्वादोन दिवसांत रास ओलांडतो, त्यामुळे नुसता दिवस-महिना सांगून ती कळत नाही.