चालू स्थितीतील दैनिक विकणे आहे

लॉन्स झालं, द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज झालं, इंजिनिअरिंग कॉलेजही झालं. आता नाशकात आपलं एक दैनिक हवं, ही तुमची इच्छा रास्तच आहे. नुसता वाचायलाच पेपर हवा असेल, तर तो रविवार कारंजावर सुट्या पैशांत मिळतो.

नवं काढू नका, जुनंच घ्या. दादासाहेब पोतनीसांनी ‘गावकरी’ सुरू केला तो काळ स्वातंत्र्याआधीचा. तेव्हा पेपर काढणाऱ्याकडे आधी मत असायचं, मग कर्ज. पुढे पुण्यामुंबईची मोठी दैनिकं रंगीत पुरवण्या घेऊन नाशकात उतरली आणि गावातल्या मालकाकडे कर्ज तेवढं उरलं. असाच मालक शोधा. मुलगा परदेशात आणि छापखान्याची जागा मोक्याची असेल, तर उत्तम. सौदा जागेचा करा, पेपर त्यावर फुकटात येतो.

खरा मालक कोण, हे आधी पाहून घ्या. सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. तिथं मार्चच्या पहिल्या आठवड्यातले जुने अंक मागा. आतल्या पानावर, निविदेच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत ‘फॉर्म 4, नियम 8’ हे मालकीचं निवेदन सापडेल. त्यात प्रकाशनस्थळ, कालावधी, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि मालक असे सहा रकाने असतात. एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावंही तिथंच द्यावी लागत. सुरुवातीच्या वर्षांत तिसऱ्या रकान्यात नाव आणि पुढं सगळीकडे ‘वरीलप्रमाणे’. मग हळूच ‘प्रा. लि.’ येतं. पहिल्या पानावर मात्र त्या दिवशीही निर्भीड, निःपक्षपाती वगैरे कायम.

आता छपाई. स्वतःचं मशीन ठेवायच्या फंदात पडू नका. रंगीत पानाला चार प्लेटा लागतात: निळी, किरमिजी, पिवळी, काळी. आठही पानं रंगीत केलीत, तर 32 प्लेटा. अंक दोन हजार काढा की वीस हजार, प्लेटा तेवढ्याच. त्यातून रंगावर रंग बसेपर्यंत सुरुवातीचे शेकडो अंक वाया जातात आणि नेत्याला दोन-दोन मिशा येतात. म्हणून मोठ्या प्रेसमध्ये जॉबवर छापा. तिथं लहान अंकाचा नंबर आधी लागतो, म्हणजे रात्रीची बातमी हुकणार. हुकू द्या. जाहीर नोटीस संध्याकाळीच आलेली असते, आणि घर तिच्यावर चालतं. सातबाऱ्याच्या व्यवहारावर हरकत मागवणारी वकिलाची नोटीस कुणी वाचली नाही तरी चालतं, छापून आली म्हणजे झालं. वाचक नसणं हा इथं दोष नव्हे, सोय आहे.

खपाचा आकडा बेताचा सांगा. केंद्राच्या हिशेबात 25 हजारांपर्यंत ‘लघु’ वृत्तपत्र. सरकारी जाहिरातींत लघुंचा वाटा राखीव असतो. उगाच मोठेपणा नको. तालुक्याच्या वार्ताहरांना पगार नको, जाहिरातीवर कमिशन द्या. निफाडचा वार्ताहर मग वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी पाठवील, कांद्याचे भाव नंतर.

जुन्या संपादकांना मात्र हात लावू नका. केबिन काढून घ्या, अग्रलेख काढून घ्या, पण शेवटच्या पानाच्या तळाशी नाव त्यांचंच राहू द्या. बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी तिथं छापलेल्या नावावर असते, समन्सही त्याच नावानं निघतं. आणि सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरलं की कोर्ट जवळच आहे, त्यांना चालत जाता येईल.